ठिपका येतो आईकडून

माझी वहिनी सत्तावीस वर्षं कोंबडीच्या पिल्लांची बुडं बघत आली. हसू नका. त्या बुडांवर तिचं घर चाललं, माझं चाललं, आणि आमच्या हॅचरीच्या मालकांची गाडीसुद्धा त्यावरच पळाली.

काम सांगते, म्हणजे हसायचं थांबाल. एका दिवसाचं पिल्लू नर की मादी, हे वरून कळत नाही. सगळे सारखेच कापसाचे गोळे. पण अंड्यांचा धंदा करणाऱ्याला हव्यात माद्या. नर घेऊन तो काय करणार, आरवणं ऐकणार? म्हणून पिल्लू हातात घ्यायचं, पोट हलकेच दाबायचं, शेपटी वर करायची आणि दिव्याखाली बघायचं. आत मोहरीहून बारीक मणी दिसला की नर, नाही दिसला की मादी. हेही सरळ नाही, कारण काही माद्यांनाही मण्यासारखं काहीतरी असतंच. वहिनी ते पापणी लवायच्या आत ओळखायची. उजव्या टोपलीत मादी, डाव्या टोपलीत नर. तासाला आठशे पिल्लं, आणि शंभरात दोन चुका झाल्या तर तिला जेवण जात नसे.

मी त्याच हॅचरीत उबवणीच्या यंत्रांवर. अंडी लावायची, फिरतात का बघायचं, एकविसाव्या दिवशी ट्रे बाहेर काढायचे. वहिनीचं काम शिकायला मीही दोन वर्षं खर्ची घातली. शेवटी तीच म्हणाली, "वन्सं, तुमच्या हातून नर निघाला की मादी, हे फक्त त्या पिल्लालाच माहीत. सोडा तुम्ही."

हातात कसब नव्हतं, पण जीभ होती माझ्याकडे. देवानं द्यायचं तिथे नाही दिलं आणि नको तिथे भरभरून दिलं. वहिनीला तिसरी मुलगी झाली आणि काही दिवसांनी ती कामाचं काही विचारायला हॅचरीत आली, तेव्हा सगळ्यांसमोर मी बोलून गेले, "दिवसाला चार हजार नर-मादी निवडतेस, वहिनी. घरात मात्र एक नर आणता आला नाही." दोघी-तिघी हसल्या. वहिनीनं दिव्याची काच पुसली, पुन्हा पुसली, आणि घरी गेली. त्यावरून ती कधी भांडली नाही, हेच मला जास्त टोचायचं.

तर हे असं चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तणतणत आलं. म्हणे, "तुमच्याकडून माद्या म्हणून नेलेल्या तलंगा, तरण्या कोंबड्या, पहाटे आरवायला लागल्यात." मी म्हटलं, शेजाऱ्याचा कोंबडा असेल. तो म्हणाला, "शेजाऱ्याला कोंबडा नाही, आणि माझ्याकडे आता एकवीस आहेत." शंभरात एकवीस! वहिनीनं दिवा बदलला. मग दिव्याची तारही बदलली. मग खुर्ची खिडकीकडे सरकवली. ती पिल्लू नाकाला लागेल इतकं जवळ धरायला लागली, तेव्हा मला कळलं की दिव्याचा काही दोष नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

मालक वाईट माणूस नाही. पण धंदा म्हणजे धंदा. त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं, की निवडणीला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. ऑपरेशननंतर नजर येईल, पण मोहरीएवढा मणी दिसण्याइतकी येईल की नाही, याची खात्री कोण देणार? त्या दिवशी घरी जाताना वहिनी रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "वन्सं, मला दुसरं काय येतं हो? एक्कावन्नाव्या वर्षी कोण मला नवीन काही शिकवणार?" दादा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, धाकटीचं शिक्षण चालू. पण पोटापेक्षा तिला ते दुसरंच लागलं होतं. तिथून उठायचं आणि घरी नुसतं बसायचं, याची तिला भीती वाटत होती. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागले.

पिल्लं तपासायला दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टरीणबाई यायच्या. वहिनीनं त्यांना धरलंच. "बाई, एक विचारू? नर की मादी हे स्वतःच सांगेल असं पिल्लू नसतं का? रंगावरून, नाहीतर कशावरून?"

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग हातातली सुई खाली ठेवून बसल्याच. "असतं," म्हणाल्या. "तुमच्या आवारातच त्याचे आईबाप आहेत."

कोंबड्यांच्या पायात घालायच्या कड्यांचा डबा टेबलावर होता. त्यांनी दोन काळ्या कड्या काढून ठेवल्या. "हा तुमचा लाल कोंबडा. गुणसूत्रं जोडीनं असतात, तशी ही त्याची एक जोडी, नर-मादी ठरवणारी. दोन्ही सारखी." मग एक पांढरी कडी आणि शेजारी तारेचा एक वाकडा तुकडा ठेवला. "ही तुमची पट्टेरी कोंबडी. तिची जोडी बेजोड. एक कडी, एक तार. पांढऱ्या कडीवर पट्ट्याचं जनुक आहे. तारेवर काहीच नाही."

"बिचारी," मी म्हटलं.

"बिचारी कसली? तीच तर सगळं ठरवते. आता बघा. अंगातल्या सगळ्या पेशींत जोडी शाबूत असते. पण कोंबड्याचं बीज तयार होताना आणि कोंबडीच्या पोटात अंड्याचं बीज तयार होताना ही जोडी सुटते. एका बीजात एकच जातं. याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात."

वहिनीनं विचारलं, "अर्धं कशाला करायचं?"

"नाही केलं तर आईची दोन, बापाची दोन, पिल्लात चार होतील. त्याच्या पिल्लात आठ."

"म्हणजे चार पिढ्यांत कोंबडी कमी आणि कड्यांचं दुकान जास्त," मी म्हटलं. त्या दोघी माझ्याकडे बघून पुन्हा टेबलाकडे वळल्या.

"कोंबड्याच्या बीजात कडीच जाणार, काळी. दुसरं त्याच्याकडे आहेच काय? कोंबडीच्या बीजात एक तर पांढरी कडी जाईल, नाहीतर तार. कडी गेली तर कडी आणि कडी, म्हणजे नर. तार गेली तर मादी." डॉक्टरीणबाईंनी कड्या सरकवून दाखवल्या. "म्हणजे आईची पांढरी कडी फक्त मुलग्यांना मिळते. एक पांढरी असली तरी पुरे, पिल्लाच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका उमटतो. मुलीला आईकडून तार आणि बापाकडून काळी कडी. तिचं डोकं कोरं काळं. ठिपका तो नर, कोरी ती मादी. दिवा नको, दाबणं नको."

वहिनीनं त्या कड्या एकदा, दोनदा, पाच वेळा हलवून बघितल्या. मग हळूच विचारलं, "आणि माणसांत?"

"माणसांत उलटं. बाईची जोडी सारखी, पुरुषाची बेजोड. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजात काय गेलं त्यावर. बाईच्या हातात काही नसतं."

वहिनीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला यंत्राची घंटा वाजल्यासारखं वाटलं आणि मी उठून गेले. वाजली नव्हती. खरं सांगते, पुढचं सगळं रामायण त्या उठून जाण्यामुळे झालं. कारण त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी ऐकलीच नाही.

वहिनीनं मालकांना गळ घातली. लाल आणि पट्टेरी, दोन्ही जातींचे तरुण पक्षी नुकतेच वयात आले होते, नर-माद्या अजून वेगवेगळ्या ठेवलेल्या. मालक म्हणाले, एक शेड घ्या, करून बघा. मी वहिनीला म्हटलं, "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? डोक्यावर ठिपका दिसायला लागला तर निवडायला कुणीही चालेल. मग तुला कोण विचारणार?"

"कुणीही चालेल, वन्सं. तुम्हीसुद्धा चालाल," ती म्हणाली. "पण आईबाप कोण ठेवायचे हे कुणीतरी सांभाळायला लागेलच ना."

मग ती ऑपरेशनला गेली. आधी एक डोळा, तीन आठवड्यांनी दुसरा, आणि नंतर दीड महिना पिसांच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. जाताना तिनं चिठ्ठी लिहून दिली होती: कोंबड्या पट्टेरी, कोंबडे लाल.

चिठ्ठी आली आमच्या सुपरवायझरच्या हातात. त्याला सगळे पाठीमागे 'अर्थात' म्हणतात, कारण त्याचं कुठलंही वाक्य त्याशिवाय सुरू होत नाही. त्यानं चिठ्ठी वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अर्थात, बाईंना दिसत नव्हतं, उलटं लिहून गेल्या. ठिपका मुलग्यांना हवा ना? मग बाप पट्टेरी नको का? मुलगा बापावर जाणार." मग माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही होतात ना तिथे? बरोबर ना?"

मी अर्धवट ऐकलेली, अर्धवट पळालेली. 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द बोलायला काय झालं होतं मला? पण नाही. मोठ्या ऐटीत म्हटलं, "खाण तशी माती. बाप तसा बेटा. बरोबरच आहे." आणि पट्टेरी नर भरलेल्या जाळ्या मीच उचलून लाल माद्यांच्या शेडमध्ये नेल्या.

अंडी जमली, यंत्रात लावली, आणि एकविसाव्या दिवशी मी ट्रे ओढला. काळी पिल्लं, डोक्यावर पांढरा ठिपका. वा! दुसरा ट्रे. ठिपका. तिसरा, चौथा, दहावा. कुठे लहान, कुठे मोठा, पण प्रत्येक डोक्यावर ठिपका. दोन हजारांवर पिल्लं आणि एक डोकं कोरं नाही.

बाहेर अंडीवाली बाई खोकी घेऊन बसली होती. तिला हजार माद्या हव्या होत्या, आणि मालकांनी छातीठोक सांगितलं होतं की या वेळी एकही चूक निघणार नाही. मालक आले, ट्रे बघितले आणि लाल झाले. "दोन हजार नर? तुमच्या वहिनींच्या नादाला लागून मी अख्खी शेड घालवली!" अर्थात म्हणाला, "अर्थात, कल्पनाच चुकीची होती." मालकांनी नर नेणाऱ्या माणसाचा ट्रक तीन वाजता बोलावला आणि मला म्हणाले, "वहिनींना सांगा, आता घरी आराम करा. कायमचा."

मी धावले. घर दहा मिनिटांवर आहे, मी पाचात पोचले. वहिनी काळा चष्मा लावून खिडकीपासून लांब बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मीच जाळ्या उचलल्या हेही सांगितलं. वाटलं, आता तरी दोन शिव्या देईल. तिनं एकच विचारलं.

"बाप कोणते घातलेत?"

"पट्टेरी."

ती हसत सुटली. हसून डोळ्यांत पाणी येईल म्हणून दोन्ही हात चष्म्यावर धरले आणि तरी हसत राहिली. "अहो वन्सं, पट्टेरी बापाकडे दोन्ही कड्या पांढऱ्या! तो मुलग्याला एक देतो, मुलीलाही एक देतो. सगळ्यांना ठिपका येणारच. डॉक्टरीणबाईंनी ते पण दाखवलं होतं, तुम्ही उठून गेलात तेव्हा. नर नाहीत हो सगळे. अर्ध्या मुली आहेत त्यात."

"मग चल, सांग त्यांना!"

"सांगून कोण ऐकणार? दाखवायला लागेल." आणि तिचं हसू गेलं. "वन्सं, या डोळ्यांनी मी अजून दिव्याखाली बघितलेलं नाही. नाही दिसलं तर?"

"नाही दिसलं तर मी आहे," मी म्हटलं. काय अर्थ होता त्याला? काही नाही. पण ती उठली. डॉक्टरांच्या मुदतीचे तीन दिवस बाकी होते. मी तिच्या नाकातोंडाला फडकं बांधलं आणि हात धरून निघाले.

दिव्यापाशी बसल्यावर तिनं चष्मा काढला. पहिलं पिल्लू हातात घेतलं, उलटं केलं, आणि बघतच राहिली. माझा जीव टांगणीला. मग म्हणाली, "केवढा स्वच्छ दिसतोय हो. मणी कसला, वाटाणाच वाटतोय." आणि पिल्लू डावीकडे गेलं. दुसरं उजवीकडे. तिसरं उजवीकडे. पन्नासांत सव्वीस माद्या.

मालक म्हणाले, "कशावरून? ठिपका तर सगळ्यांना आहे. याच डोळ्यांनी एकवीस कोंबडे पाठवले होते."

अंडीवाली बाई मोठी खट होती. ती म्हणाली, "मी बघते कशावरून." तिनं सव्वीस माद्यांच्या पंखांखाली शाईचं बोट लावलं, वरून काही दिसणार नाही असं. पन्नास पिल्लं एका खोक्यात मिसळली आणि एकेक वहिनीच्या हातात द्यायला लागली. वहिनी नुसतं म्हणायची, नर, मादी. बाई पंख उचलून बघायची आणि मान हलवायची. चाळीस झाली, पंचेचाळीस झाली, सगळी बरोबर. पन्नासावं पिल्लू आलं. वहिनी म्हणाली, "नर." मग म्हणाली, "थांबा." दिव्याकडे थोडं वळवलं. "मादी. हे मघाशीही मला फसवायला बघत होतं."

बाईनं पंख उचलला. खाली शाई होती.

"निवडा," बाई म्हणाली, "मी बसते इथेच."

ट्रक तीनला आला तेव्हा त्याच्यासाठी फक्त नर उरले होते, आणि बाईची हजार मोजून भरली होती. वर एकोणचाळीस माद्या शिल्लक. वहिनीची बोटं आखडली होती, पण चेहरा काय सांगू! मालकांनी तिच्यासाठी स्वतः पाणी आणलं. अर्थात जवळ येऊन म्हणाला, "अर्थात, निसर्गाचं काही सांगता येत नाही."

"सांगता येतं," वहिनी म्हणाली. तिनं कड्यांचा डबा मागवला आणि सगळ्यांसमोर त्याला टेबलापाशी बसवलं. दोन पांढऱ्या कड्या त्याच्या हातात दिल्या. "हा तुमचा बाप. यातून मुलीला काळी कडी काढून दाखवा." त्यानं कड्या उलट केल्या, सुलट केल्या, पुन्हा बघितल्या. शेवटी म्हणाला, "नाही निघत." त्यानंतर तो दिवसभर 'अर्थात' म्हणाला नाही. खाण तशी माती मीच म्हटलं होतं, म्हणून मी रिकामे ट्रे धुवायला घेतले.

वहिनी मालकांना म्हणाली, "निवडणीला कुणीही ठेवा. मला आईबापांच्या शेडची किल्ली द्या. माझ्याशिवाय तिथली जाळी कुणी उचलायची नाही." मालकांनी खिशातून किल्ली काढून दिली. आणखी काय करणार होते? आता ती किल्ली तिच्या कमरेला असते आणि शेडच्या दारावर तिच्या अक्षरात पाटी आहे: आई पट्टेरी, बाप लाल.

नव्या जोड्या लावल्या, थोडे दिवस जाऊ दिले, मग अंडी उचलली. ती फुटली त्या सकाळी मी ट्रे ओढला, तर ठिपका, कोरं, कोरं, ठिपका. कोरी डोकी बघून मला रडूच आलं. निवडायला बसले मी. होय, मी! जिला दोन वर्षांत एक मणी सापडला नव्हता. वहिनी शेजारी स्टुलावर चहा पीत बसली होती. मी ठिपकेवाली डावीकडे टाकत होते, आणि कोरं डोकं आलं की मोठ्यानं ओरडत होते, "मुलगी!" पुन्हा, "मुलगी!" बाकीच्या बायका हसायला लागल्या. अंडीवाली बाई दारातून म्हणाली, "या ताईंना मुलींचं भारी कौतुक."

माझा हात थांबला. मी वहिनीकडे न बघता म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी बोलले ते... घाण बोलले होते मी. माझं चुकलं."

"कुठल्या दिवशी?"

"आता काय दिवस आठवतोय? धाकटी बारा दिवसांची होती बघ."

"अकरा," वहिनी म्हणाली.

एकोणीस वर्षं तिनं तो आकडा सांभाळला होता. मी मान खाली घातली. ट्रेमध्ये पिल्लं चिवचिवत होती. मग तिनं कप बाजूला ठेवला, पुढचा ट्रे माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "थांबू नका, वन्सं. ओरडा. छान वाटतं ऐकायला."